बारा नंबरचा गॅस

मे महिन्यातली दुपार. फुलंब्रीतून सिल्लोड-अजिंठ्याकडं जाणारा रस्ता तव्यासारखा तापलेला. रस्त्यालगतच्या एका गॅरेजात आमच्या मित्राच्या आजोबांची गाडी उभी होती, नव्वदच्या दशकातली. इंजिन ठणठणीत, पत्रा शाबूत, फक्त एसी लावला की गरम वारा. मित्राचं म्हणणं साधं होतं. गॅस भरा आणि मोकळं करा, संध्याकाळी लग्नाला जायचंय. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, एसीच्या पाइपावरचं आट्यांचं तोंड बघितलं आणि मान हलवली. ही बारा नंबरची गाडी निघाली. तो गॅस आता मिळत नाही आणि दुसरा नुसता भरून भागत नाही, आतल्या बऱ्याच गोष्टी बदलाव्या लागतील, असं त्यांनी समजावून सांगितलं.

बारा नंबर म्हणजे आर-१२. एके काळी घरातला फ्रिज, गाडीतला एसी, डास मारायचा फवारा, सगळीकडं हाच गॅस. त्याला एक बाप होता. थॉमस मिजली त्याचं नाव. रसायनशास्त्रातली मोठमोठी पदकं त्याच्या कपाटात होती, नोबेल तेवढं नव्हतं. आणि आज त्याचं नाव निघालं की शास्त्रज्ञ कपाळाला हात लावतात. एकाच माणसानं दोन शोध लावले, दोन्ही जगभर पसरले आणि दोन्ही जगाला परत घ्यावे लागले. आजोबांच्या गाडीचा एसी का बदलावा लागला, हे कळायचं तर या माणसाची गोष्ट कळायला हवी.

शोधकांच्या घरातलं पोर

मिजलीचा जन्म १८ मे १८८९ चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या बीव्हर फॉल्स या गावचा. लहानाचा मोठा झाला तो ओहायोतल्या कोलंबस शहरात. घरात शोधाशोधीचं वातावरण. वडील गाडीच्या टायरवर नवनवे प्रयोग करायचे. आईच्या वडिलांनी लाकूड कापायच्या करवतीला बदलता येणारे दात बसवायची युक्ती काढली होती. अशा घरातलं पोर इंजिनिअर झालं नसतं तरच नवल.

१९११ साली त्यानं कॉर्नेल विद्यापीठातून पदवी घेतली, पण मेकॅनिकल इंजिनिअरिंगची. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढं रसायनशास्त्रातली मोठमोठी पदकं मिळवणाऱ्या या माणसाकडं रसायनशास्त्राची पदवी नव्हती. जे शिकला ते नोकरी करता करता, पुस्तकं चाळत आणि हात भाजून घेत. आपली शाखा कुठली आणि काम कुठलं, याची चिंता करणाऱ्यांनी थोडा धीर धरायला हरकत नाही.

१९१६ मध्ये तो डेटन गावात चार्ल्स केटरिंग यांच्या प्रयोगशाळेत लागला. केटरिंग म्हणजे हँडल मारून गाडी सुरू करण्यातून लोकांची सुटका करणारा माणूस. विजेवर चालणारा सेल्फ स्टार्टर त्यांनी १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत आणला होता. पुढं ही प्रयोगशाळा जनरल मोटर्सकडं गेली. मिजलीला साहेब मिळाला तो असा, आणि साहेबानं पहिलंच काम दिलं ते खटखटीचं.

खटखट कुठून येते?

चढावर जुनी बाइक टॉप गिअरमध्ये रेटली की इंजिनातून टकटक आवाज येतो. त्यालाच नॉकिंग म्हणतात. केटरिंग यांच्या कंपनीनं खेड्यापाड्यांतल्या शेतकऱ्यांसाठी वीज तयार करणारे छोटे संच काढले होते. ते रॉकेलवर चालायचे आणि भयानक नॉक करायचे. लोक खापर फोडायचे केटरिंग यांच्या इग्निशनवर. मिजलीनं आधी ते खोटं ठरवलं. सिलिंडरच्या आतला दाब कसा वाढतो हे त्यानं मोजून बघितलं आणि ठिणगी पडल्यानंतर इंधनाचा उरलेला भाग एकदम भडकतो, तिथं ही खटखट होते, हे दाखवून दिलं. म्हणजे दोष इंधनाचा.

मग इंधनात काय मिसळायचं? इथं एक मजेदार किस्सा आहे. अमेरिकेत एक रोपटं थंडी सरता सरता, बर्फ असतानाच फुलतं. त्याच्या पानांची पाठ लालसर असते. लाल रंगामुळे ते उष्णता लवकर शोषत असेल, असा तर्क निघाला. मग इंधनच लाल केलं तर? त्या दिवशी तेलात विरघळणारा लाल रंग हाताशी नव्हता, आयोडीन होतं. ते टाकलं आणि खटखट थांबली! खरे लाल रंग आणून टाकले तर काही फरक पडेना. म्हणजे तर्क साफ चुकीचा, पण त्यातून रस्ता सापडला. गुण रंगात नव्हता, रसायनात होता.

आयोडीन महाग आणि धातू खाणारं. म्हणून पुढची काही वर्षं मिजली आणि त्याचे सहकारी एकेक पदार्थ टाकून बघत राहिले. टेल्युरिअमचा गुण आला, पण त्याचा लसणासारखा वास अंगातून, श्वासातून जाता जाईना. शेवटी मिजलीनं आवर्तसारणी समोर ठेवली. कुठल्या मूलद्रव्याचा गुण कसा बदलत जातो, हे बघत तो सारणीत खाली उतरत गेला आणि शिशापाशी पोचला. ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड इंजिनात पडलं आणि अगदी थोड्याशा थेंबांत खटखट बंद झाली.

त्याच काळात दारूचा, म्हणजे अल्कोहोलचा पर्यायही समोर होता. ते पेट्रोलमध्ये मिसळलं तर नॉकिंग थांबतं, हे मिजलीला पक्कं माहीत होतं. पण अल्कोहोल भरपूर घालावं लागतं आणि ते कुणीही गाळू शकतं, त्याचं पेटंट घेता येत नाही. शिसं चिमूटभर पुरतं आणि त्याचं पेटंट मिळतं. शंभर वर्षांनी आपल्या पंपावर उसापासून आणि मक्यापासून केलेलं इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळून येतंय. मराठवाड्याच्या पोरांना हे वाचून गंमत वाटेल. जो रस्ता तेव्हा सोडला होता, तिथंच आपण फिरून आलो.

विषारी, पण नाव गोड

शिशाचं पेट्रोल १९२३ च्या फेब्रुवारीत डेटनमध्ये पहिल्यांदा विक्रीला आलं. नाव ठेवलं एथिल. त्या नावात शिसं कुठं दिसत नव्हतं. त्याच वर्षी इंडियानापोलिसच्या प्रसिद्ध शर्यतीत पहिल्या तिन्ही गाड्या हेच इंधन घालून पळाल्या. मग काय, मागणीला तोटा नाही.

शिसं विषारी असतं हे कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. खुद्द मिजली १९२३ च्या सुरुवातीला कामावरून रजा घेऊन फ्लोरिडाला हवापालटासाठी गेला होता, कारण शिसं त्याच्याच अंगात भिनलं होतं. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या कारखान्यात भयंकर घडलं. टेट्राएथिल लेड तयार करणारे कामगार भ्रमिष्टासारखे वागू लागले, काहींना बांधून दवाखान्यात न्यावं लागलं. पाच जण काही दिवसांत मेले, कितीतरी आजारी पडले.

पत्रकार प्रश्न विचारू लागले. ३० ऑक्टोबर १९२४ ला मिजली त्यांच्यासमोर उभा राहिला. त्यानं ते रसायन स्वतःच्या हातांवर ओतलं, बाटली नाकाशी धरून मिनिटभर वास घेतला आणि रोज असं केलं तरी मला काही होणार नाही, असा दावा केला. दोनेक वर्षांपूर्वीच याच विषानं आजारी पडलेला माणूस हे करत होता! त्याच्या आयुष्यातला हा प्रसंग वाचताना थांबायला होतं. तो खोटं बोलत होता का? की आपल्या शोधावर त्याचा इतका जीव होता, की स्वतःच्या शरीरानं दिलेली साक्षही त्याला दिसेना? १९२५ मध्ये सरकारी पातळीवर चौकशी झाली, काही महिने विक्री थांबली आणि १९२६ मध्ये पुन्हा सुरू झाली. ती थांबायला पुढं कितीतरी दशकं गेली.

तीन दिवसांतला गॅस

आता आपल्या बारा नंबरकडं येऊ. फ्रिज काय किंवा एसी काय, तत्त्व आपल्या माठाचंच. माठातून पाझरलेलं पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं, म्हणून आतलं पाणी गार होतं. फ्रिजमध्ये पाण्याऐवजी पटकन वाफ होणारा पदार्थ बंद नळ्यांतून फिरवतात. तो आत उष्णता घेतो आणि बाहेर टाकतो. १९२० च्या दशकात या कामाला अमोनिया, सल्फर डायऑक्साइड नाहीतर मिथिल क्लोराइड वापरायचे. काही विषारी, काही पेट घेणारे, काही दोन्ही. अमोनिया बर्फाच्या कारखान्यात आजही वापरतात, पण तिथं तो स्वयंपाकघरात नसतो. अमेरिकेत मात्र घरातल्या फ्रिजमधून रात्री गळती होऊन झोपलेली माणसं दगावल्याच्या घटना घडत होत्या. लोक फ्रिज मागच्या अंगणात ठेवू लागले.

१९२८ मध्ये केटरिंग यांनी मिजलीला निरोप दिला. फ्रिजसाठी असा गॅस हवा, जो विषारी नसेल आणि पेटणारही नाही. सोबत अल्बर्ट हेने आणि रॉबर्ट मॅक्नरी हे सहकारी होते. मिजलीनं पुन्हा आवर्तसारणी काढली. त्यातच एका छापील तक्त्यात फ्लोरिनच्या एका संयुगाचा उत्कलनबिंदू चुकीचा दिलेला होता. त्या चुकीच्या आकड्यामुळे त्यांचं लक्ष फ्लोरिनकडं गेलं. फ्लोरिन म्हणजे जहर, अशीच तेव्हाची समजूत. पण कार्बनशी घट्ट बांधलेलं फ्लोरिन गप्प बसतं, असा यांचा अंदाज होता. अवघ्या तीन दिवसांत गॅस तयार झाला.

परीक्षा झाली गिनीपिगवर. त्याला गॅसात ठेवलं, त्याला काही झालं नाही. मंडळी खूश. मग दुसऱ्या बाटलीतला कच्चा माल वापरून गॅस केला, तर गिनीपिग मेला! शोध घेतल्यावर कळलं, की मागवलेल्या पाच बाटल्यांपैकी एकच शुद्ध होती. बाकीच्यांत भेसळ होती आणि तिच्यामुळे फॉस्जिन तयार होत होता, पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरलेला तोच विषारी वायू. पहिल्या दिवशी नेमकी शुद्ध बाटली हातात आली म्हणून काम पुढं गेलं. दुसरी आली असती तर कदाचित हा गॅस तिथंच टाकून दिला असता. इतिहास कधी कधी एवढ्याशा बाटलीवर तोलून उभा असतो.

मेणबत्ती विझली

१९३० मध्ये अटलांटा इथं अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेत मिजलीनं नवा गॅस दाखवला. त्याला असल्या खेळांची आवड होतीच. त्यानं गॅस छातीभर ओढून घेतला आणि पेटत्या मेणबत्तीवर फुंकला. मेणबत्ती विझली, मिजली उभाच. विषारी नाही आणि पेटत नाही, दोन्ही गोष्टी एका श्वासात सिद्ध झाल्या. शिशाच्या वेळी असाच खेळ त्यानं केला होता, पण तेव्हा ते धादांत खोटं होतं. या वेळी तो सांगत होता ते अगदी खरं होतं. खोलीतल्या कुणालाही त्या गॅसापासून धोका नव्हता. धोका खोलीच्या बाहेर, फार फार वर होता, आणि तिथं बघायचं कुणाला सुचलं नाही.

हाच फ्रिऑन. त्याच्या उत्पादनासाठी जनरल मोटर्स आणि ड्यूपाँट यांनी मिळून वेगळी कंपनी काढली. फ्रिज अंगणातून पुन्हा घरात आला. दवाखाने, सिनेमागृहं थंड झाली. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना डास मारायचे फवारे याच गॅसाच्या जोरावर उडायला लागले. १९४० च्या मॉडेलची पॅकार्ड गाडी कारखान्यातूनच एसी लावून बाहेर पडली. त्या एसीचं अर्ध सामान डिकीत असायचं आणि तो बंद करायचा तर बॉनेट उघडून पट्टा काढावा लागायचा. तरीही सुरुवात झाली होती. स्वयंपाकघरात आणि गाडीच्या बंद केबिनमध्ये माणसाच्या इतक्या जवळ हा गॅस ठेवायची हिंमत झाली, ती तो निरुपद्रवी होता म्हणूनच. किती जीव त्यानं वाचवले असतील, अन्न किती टिकवलं असेल, हेही विसरून चालणार नाही.

दोऱ्या आणि कप्प्या

मिजलीला आता मानसन्मान कमी पडत नव्हते. १९३७ मध्ये पर्किन पदक, १९४१ मध्ये प्रिस्टली पदक, १९४२ मध्ये विलर्ड गिब्ज पुरस्कार. शंभरावर पेटंट नावावर. १९४४ मध्ये तो अमेरिकन केमिकल सोसायटीचा अध्यक्ष झाला.

पण १९४० मध्येच, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्याला पोलिओ झाला होता. पाय गेले. मोठ्या वयात पोलिओ क्वचितच होतो. गप्प पडून राहणं त्याच्या स्वभावात नव्हतं. पलंगातून उठून बसता यावं म्हणून त्यानं दोऱ्या आणि कप्प्यांची एक यंत्रणा स्वतःच तयार केली. २ नोव्हेंबर १९४४ रोजी ओहायोतल्या वर्दिंग्टन इथल्या घरी, त्याच दोऱ्यांत अडकून गळा आवळला गेलेल्या अवस्थेत तो सापडला. तो अपघात होता की आणखी काही, याबद्दल आजही एकमत नाही. वय होतं पंचावन्न. त्याच्या तिसऱ्या शोधानं त्याचाच घास घेतला, असं लोक चटकन बोलून जातात. पण एक आजारी माणूस उठून बसायची धडपड करत होता, एवढं तरी आपण ध्यानात ठेवावं.

तो गेला तेव्हा त्याला कुणी खलनायक म्हणत नव्हतं. दोन्ही शोधांचा हिशेब अजून व्हायचा होता.

त्याच्या पश्चात

शिशाचा हिशेब आधी झाला. क्लेअर पॅटरसन हा भूरसायनशास्त्रज्ञ पृथ्वीचं वय मोजत होता. त्याच्या नमुन्यांत जिथं तिथं शिसं शिरायला लागलं, तेव्हा त्यानं माग काढला. हवा, समुद्र, ध्रुवावरचा बर्फ, सगळीकडं माणसानं उधळलेलं शिसं होतं. मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो हेही पुढं स्पष्ट झालं. भारतात १९९५ मध्ये चार महानगरांत शिसंविरहित पेट्रोल आलं आणि २००० पासून देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं. जगात गाड्यांसाठी ते विकणारा शेवटचा देश अल्जेरिया, तिथं ते २०२१ मध्ये थांबलं. मिजलीच्या थेंबानंतर बरोबर शंभर वर्षांनी.

गॅसाची गोष्ट वेगळी. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड या दोघांनी एक साधा प्रश्न विचारला. इतकी वर्षं हवेत सोडलेला हा गॅस जातो कुठं? तो कशाशीही संयोग पावत नाही, पावसात विरघळत नाही. खाली नष्ट होत नाही म्हणजे तो वर वर जात राहणार. साधारण शंभर वर्षं टिकणार. आणि स्थितांबरात पोचल्यावर सूर्याच्या अतिनील किरणांनी तुटून त्यातला क्लोरिन मोकळा होणार. तो क्लोरिनचा एक अणू ओझोनचे हजारो रेणू फोडू शकतो, कारण फोडून झाल्यावर तो पुन्हा मोकळाच राहतो. ज्या गुणासाठी मिजलीनं हा गॅस निवडला, कुणाशी भांडत नाही हा गुण, तोच वर जाऊन घातक ठरला.

कंपन्यांनी आधी नाकं मुरडली. १९८५ मध्ये जो फारमन आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकावर दर वसंतात ओझोन कमालीचा विरळ होतो, हे मोजमापांसह जाहीर केलं. त्यानंतर जग हललं. १६ सप्टेंबर १९८७ ला मॉन्ट्रिअल करार झाला. १६ सप्टेंबरला कॉलेजात ओझोन दिनाची पोस्टर स्पर्धा होते ना, ती याच तारखेमुळे. भारत १९९२ मध्ये करारात आला. २००० साली आपल्याकडं ओझोन घटवणाऱ्या पदार्थांचे नियम झाले आणि ऑगस्ट २००८ पासून दम्याच्या इनहेलरसारखे अपवाद सोडता देशात असे गॅस तयार करणं आणि वापरणं थांबलं. मोलिना, रोलंड आणि पॉल क्रुट्झेन यांना १९९५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मिजलीला न मिळालेलं ते नोबेल, त्याच्या शोधाची चूक दाखवणाऱ्यांना.

नंबरात लपलेलं गणित

आता पुन्हा गॅरेजात. मिस्त्री बारा नंबरऐवजी एकशेचौतीस म्हणत होते. हे नंबर कुणी उगाच ठेवलेले नाहीत. शेवटचा आकडा म्हणजे फ्लोरिनचे अणू. त्याआधीच्या आकड्यातून एक वजा केला की हायड्रोजन. त्याआधीच्या आकड्यात एक मिळवला की कार्बन. आर-१२ चं बघा. फ्लोरिन दोन, हायड्रोजन शून्य, आणि पुढचा आकडा शून्य म्हणून कार्बन एक. कार्बनला चार हात असतात, दोन फ्लोरिननं धरले, उरलेले दोन क्लोरिननं. आता आर-१३४ए. फ्लोरिन चार, हायड्रोजन दोन, कार्बन दोन. दोन कार्बनचे मोकळे हात सहा, आणि सहाही भरले. क्लोरिनला जागाच नाही! सगळी भानगड क्लोरिनची होती, तो या नंबरात उरलाच नाही. बारावीच्या रसायनशास्त्रात हे असं शिकवलं असतं तर बरं झालं असतं.

मग जुन्या गाडीत नवा गॅस सरळ का भरत नाहीत? कारण गाडी जुन्या गॅसाच्या मापानं बनलेली असते. मिस्त्रींनी एकेक करून दाखवलं ते असं.

पहिली गोष्ट तेलाची. कॉम्प्रेसरला वंगण लागतं आणि ते गॅसाबरोबरच सगळ्या नळ्यांतून फिरतं. आर-१२ बरोबर खनिज तेल चालायचं. आर-१३४ए मध्ये ते विरघळत नाही, कुलिंग कॉइलमध्ये साचून राहतं आणि कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो. म्हणून जुनं तेल जमेल तेवढं काढून नव्या जातीचं, बहुधा एस्टर तेल घालायचं. ते हवेतलं पाणी पटकन ओढतं, म्हणून डबा उघडा ठेवायचा नाही.

दुसरी ड्रायरची. आतली ओल शोषणारी ही छोटी टाकी. जुन्या ड्रायरमधले दाणे नव्या गॅसाला आणि तेलाला जुळत नाहीत, म्हणून तो नवाच बसवायचा. तिसरी ओ-रिंगा आणि पाइपांची. नव्या गॅसाचा रेणू लहान, जुन्या रबरातून तो हळूहळू निसटतो. सांध्यांवरच्या रिंगा बदलायच्या आणि पाइप थकले असतील तर आतून अस्तर असलेले घ्यायचे. चौथी व्हॅक्यूमची. अर्धा-पाऊण तास पंप लावून आतली हवा आणि ओल खेचून काढायची, काटा तिथंच टिकतो का बघायचं. टिकला नाही तर कुठंतरी गळती आहे. आधी ती शोधा, मग गॅस.

पाचवी गोष्ट मापाची. जुन्या मापाच्या साधारण ऐंशी ते नव्वद टक्केच नवा गॅस भरायचा, वजन करून. जास्त भरला की जास्त गार होईल हा भ्रम. उलट दाब चढतो. आपल्याकडच्या उन्हात कंडेन्सरवर आधीच ताण येतो, त्यात नव्या गॅसाचा दाब थोडा जास्त. कंडेन्सरच्या जाळीतली धूळ काढा, पंखा नीट फिरतो का बघा. एवढं करूनही कुलिंग पूर्वीपेक्षा थोडं कमी वाटू शकतं, हे मिस्त्रींनी आधीच सांगून टाकलं. शेवटी भरायच्या तोंडावर नव्या गॅसाचं तोंड बसवायचं, म्हणजे पुढच्या वेळी कुणी चुकून वेगळा गॅस भरणार नाही.

मित्रानं खर्च ऐकला आणि त्याला एक स्वस्त वाट आठवली. बाजारात पेटणारे, स्वयंपाकाच्या गॅसाच्या जातीचे गॅस जुन्या गाडीत भरून देणारेही असतात. काही बदलावं लागत नाही आणि थंडही छान होतं. मिस्त्री म्हणजे मुळात शांत माणूस, पण तिथं त्यांचा आवाज चढला. कुलिंग कॉइल डॅशबोर्डच्या मागं, म्हणजे बसणाऱ्याच्या पुढ्यात. ती गळली तर पेटणारा गॅस बंद गाडीत. बिनपेट गॅसासाठी बनवलेल्या यंत्रणेत असला गॅस भरायचा म्हणजे १९२८ च्या आधीच्या काळात जायचं. केटरिंग यांनी मिजलीला नेमकं हेच सोडवायला सांगितलं होतं.

उरला होता एक प्रश्न. नळ्यांत अजून थोडा जुना गॅस शिल्लक होता. कितीतरी ठिकाणी व्हॉल्व्ह दाबतात, फुस्स आवाज येतो आणि काम संपतं. कुणाला वास येत नाही, कुणाचे डोळे चुरचुरत नाहीत. खोलीतल्या कुणालाही धोका नाही, अगदी अटलांटातल्या त्या मेणबत्तीसारखंच. पण तो सुटलेला गॅस आपल्या नातवंडांच्या काळातही वरच असणार. तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजार पटीहून जास्त तो पृथ्वी तापवतो, ते वेगळंच. या मिस्त्रींकडं गॅस परत ओढून टाकीत भरायचं यंत्र होतं. त्यात अर्धा तास जास्त गेला. मित्र घड्याळ बघत होता, पण बोलला नाही.

आर-१३४ए हाही शेवटचा मुक्काम नव्हे. ओझोनला तो धक्का लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या चौदाशे पटींच्या आसपास आहे. म्हणून २०१६ मध्ये किगाली इथं मॉन्ट्रिअल कराराला दुरुस्ती जोडली गेली. भारतानं २०२१ मध्ये तिला मान्यता दिली आणि २०३२ पासून असे गॅस टप्प्याटप्प्यानं कमी करायचं कबूल केलंय. परदेशात नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ आलाच आहे. वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांत उद्या नोकरीला लागणाऱ्या आपल्यातल्या कुणाच्या तरी टेबलावर त्याच्या पुढचा गॅस येईल. तेव्हा मेणबत्ती विझवून झाली की मोलिना आणि रोलंडचा प्रश्नही विचारा. हे जातं कुठं?

एवढं मात्र खरं, की चूक दुरुस्त होऊ शकते. ओझोनचा थर सावरतोय. जग करार पाळत राहिलं तर अंटार्क्टिकावरचा ओझोन २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. तेव्हा आज एफवायला असलेली पोरं साठीत असतील.

लग्नाला जायला उशीर झालाच. बॉनेट बंद करण्याआधी मिस्त्रींनी आत एक चिठ्ठी चिकटवली. त्यावर तारीख, गॅसाचं नाव, वजन आणि तेलाची जात लिहिली. उद्या ही गाडी ज्याच्या हातात पडेल, त्याला आत काय भरलंय हे कळावं म्हणून.